कॉकनी यमकबोली

कॉकनी यमकबोली ही लंडन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेली, इंग्लिश भाषेतील शब्द झाकून बोलण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा दोन किंवा तीन शब्दांचा समूह वापरला जातो आणि पुष्कळदा त्या समूहातील यमक जुळणारा शब्दच गाळून टाकला जातो. उरलेल्या शब्दाचा मूळ शब्दाशी अर्थाने वा ध्वनीने कोणताही संबंध राहत नाही. ‘हॅव अ बुचर्स’ या प्रयोगाचा शब्दशः अर्थ लावू गेल्यास त्यात खाटीक येतो. प्रत्यक्षात तो ‘जरा बघ’ एवढेच सांगतो.

पोलिसांना कळू नये म्हणून चोरांनी रचलेली सांकेतिक भाषा, अशी या बोलीची ख्याती आहे. पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत ही समजूत वारंवार आढळते. एकोणिसाव्या शतकातील उपलब्ध नोंदी मात्र तिला फारसा आधार देत नाहीत. त्या नोंदींत या बोलीचे जनकत्व रस्त्यावर गाणी आणि छापील चोपडी विकणाऱ्यांकडे जाते. दुसरीकडे, या बोलीतील कित्येक शब्द आपले मूळ हरवून प्रमाण इंग्लिशमध्ये मिसळले आहेत आणि त्यांतील काहींचे मूळ अश्लील असल्याची जाणीव ते वापरणाऱ्या बहुतेकांना नसते.

नाव

‘कॉकनी’ हा शब्द मध्ययुगीन इंग्लिशमधील ‘कोंबड्याचे अंडे’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. कोंबडीने घातलेल्या लहान, वेड्यावाकड्या अंड्याला हे नाव होते. पुढे ते लाडावलेल्या, नाजूक माणसाला लावले जाऊ लागले. चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसर याच्या लेखनात ते याच अर्थाने येते. खेड्यातील लोक शहरी माणसाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरीत आणि अखेरीस तो लंडनकरांना चिकटला. १६१७ साली जॉन मिन्शू याने आपल्या कोशात ‘बो घंटांच्या आवाजाच्या टप्प्यात जन्मलेला’ अशी कॉकनीची व्याख्या नोंदवली. ती आजही सांगितली जाते.

या घंटा सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या आहेत. हे चर्च जुन्या लंडन शहराच्या मध्यभागी, चीपसाइड या रस्त्यावर आहे. पूर्व लंडनमध्ये ‘बो’ याच नावाचा एक वेगळा भाग असल्याने या दोहोंची गल्लत नेहमी होते. १६६६ च्या भीषण आगीत जुने चर्च जळाले. क्रिस्टोफर रेन याने ते पुन्हा बांधले. मे १९४१ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात ते पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि त्याच्या घंटा १९६१ पर्यंत मुक्या राहिल्या. व्याख्या काटेकोरपणे लावायची तर त्या वीस वर्षांत एकही कॉकनी जन्मला नाही, असे म्हणावे लागेल. व्यवहारात पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीतील, तिथली बोली बोलणारा तो कॉकनी, असाच अर्थ घेतला जातो.

रचना

या बोलीतील शब्द घडण्याच्या साधारणपणे दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मूळ शब्दाशी यमक जुळणारा, आधीपासून परिचित असलेला शब्दसमूह निवडला जातो. ‘फीट’ म्हणजे पाय. त्याच्याशी ‘मीट’ जुळते, म्हणून पायांना ‘प्लेट्स ऑफ मीट’ (मांसाच्या थाळ्या) म्हटले गेले. दुसऱ्या पायरीवर समूहाचा शेवट, म्हणजे नेमका यमकाचा भाग, गळून पडतो आणि ‘प्लेट्स’ तेवढे उरते. ‘माझ्या थाळ्या दुखताहेत’ असे कोणी म्हटले, तर ते पायांविषयी आहे हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग दुसऱ्या पायरीने बंद होतो.

मराठीत अशी पद्धत रूढ नाही. पण समजण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. ‘पाय’ या शब्दासाठी ‘दूध आणि साय’ हा समूह ठरवला आणि पुढे त्यातली साय काढून टाकली, तर ‘आज फार चाललो, दूध दुखते आहे’ असे वाक्य तयार होईल. ज्याला जोडी ठाऊक आहे त्याला ते लगेच कळेल, इतरांना ते वेड्याचे बोलणे वाटेल.

दुसरी पायरी सर्वत्र घेतली जातेच असे नाही. ‘बुचर्स हुक’ (खाटकाचा आकडा) म्हणजे ‘लुक’, पाहणे. ‘चायना प्लेट’ (चिनी मातीची बशी) म्हणजे ‘मेट’, मित्र. ‘बार्नेट फेअर’ (बार्नेट येथील प्रसिद्ध जत्रा) म्हणजे ‘हेअर’, केस. ‘व्हिसल अँड फ्लूट’ (शिटी आणि बासरी) म्हणजे ‘सूट’. हे सर्व समूह कापून बुचर्स, चायना, बार्नेट, व्हिसल असे वापरले जातात. याउलट ‘ॲडम अँड ईव्ह’ (बिलीव्ह, विश्वास ठेवणे), ‘डॉग अँड बोन’ (फोन) आणि ‘ब्राउन ब्रेड’ (डेड, मेलेला) हे बहुधा पूर्णच उच्चारले जातात. जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, असलेले ‘ॲपल्स अँड पेअर्स’ (सफरचंदे आणि नासपती) हे नाव या बोलीचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण आहे. ते कोणत्या शब्दाला कापायचे याला नियम नाही. ते कानावर पडूनच शिकावे लागते.

समूह निवडताना केवळ यमकच पाहिले जात नसे, हे अनेक उदाहरणांत दिसते. बायकोला (वाइफ) ‘ट्रबल अँड स्ट्राइफ’, म्हणजे ताप आणि भांडण. मुलांना (किड्स) ‘गॉड फोर्बिड्स’, म्हणजे देव न करो. भिकाऱ्याने सांगितलेल्या कहाणीला (टेल) ‘वीप अँड वेल’, म्हणजे रडणे-ओरडणे. पोटभाडेकरूला (लॉजर) चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीतील खिसेकापू पोराचे नाव, ‘आर्टफुल डॉजर’. या जोड्यांत एक तिरकस शेरा दडलेला आहे आणि तो ज्यांच्यावर आहे ती माणसे घरचीच आहेत.

काही वेळा एका आवरणावर दुसरे चढवले गेले. पार्श्वभागासाठीच्या ‘आर्स’ या असभ्य शब्दाला ‘बॉटल अँड ग्लास’ हा समूह होता. तो कापून ‘बॉटल’ झाला. मग बॉटलसाठी ग्रीक तत्त्वज्ञ ‘ॲरिस्टॉटल’ आला आणि कापून ‘ॲरिस’ झाला. त्यावर ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ चढले आणि अखेरीस ‘प्लास्टर’ उरले. प्लास्टरपासून मूळ शब्दापर्यंत जायचे तर तीन यमके उलगडावी लागतात. शिवाय ‘ॲरिस’ हा शब्द मूळ शब्दाच्या ध्वनीजवळच येऊन ठेपतो, ही त्यातली गंमत लंडनकरांच्या आवडीची आहे.

उगम

इंग्लंडमध्ये भुरट्यांच्या आणि भटक्यांच्या गुप्त शब्दांचे संग्रह सोळाव्या शतकापासून मिळतात. टॉमस हार्मन याचा संग्रह त्यांत प्रसिद्ध आहे. या जुन्या चोरबोलीत यमकाची पद्धत नव्हती.

यमकबोलीचा उल्लेख पत्रकार हेन्री मेह्यू याने लंडनच्या गोरगरिबांविषयी लिहिलेल्या, १८५१ साली पुस्तकरूपाने आलेल्या पाहणीत सापडतो. तेथे रस्त्यावरचा एक विक्रेता यमकावर बेतलेल्या बोलण्याच्या नव्या तऱ्हेविषयी सांगतो. १८५७ साली ‘द्युकांज अँग्लिकस’ या टोपणनावाने छापलेल्या छोट्या कोशात या बोलीतील अनेक शब्द आले. त्यानंतर १८५९ साली जॉन कॅम्डेन हॉटन या प्रकाशकाने आपल्या अपभाषेच्या कोशाला यमकबोलीची स्वतंत्र शब्दसूची जोडली. ही पद्धत बारा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे त्याने लिहिले आहे. म्हणजे तिचा आरंभ १८४० च्या दशकात येतो.

हॉटनच्या नोंदीतील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, ही बोली गाणी गाऊन विकणाऱ्यांची आणि खुनाच्या, फाशीच्या, दरबारी भानगडींच्या बातम्यांची चोपडी तोंडाने जाहिरात करीत विकणाऱ्यांची आहे, असे तो सांगतो. शब्दांची फेक, यमक आणि हजरजबाबीपणा यांवरच या लोकांचे पोट होते. दुसरी अशी की, तो तिचे ठिकाण सेव्हन डायल्स हे देतो. ही वस्ती कोव्हेंट गार्डनजवळ आहे, पूर्व लंडनमध्ये नाही; त्या काळी तेथे स्वस्त गाणी छापणाऱ्यांची दुकाने होती. हातगाडीवर भाजी-फळे विकणाऱ्या फेरीवाल्यांची बोली याहून निराळी असल्याचेही त्याने स्पष्ट केले आहे. ते शब्द उलटे करून बोलत. ‘पेनी’चे ‘येनेप’ आणि ‘बॉय’चे ‘यॉब’ ही त्यातलीच रूपे. ‘यॉब’ हा शब्द आज दांडगट तरुण या अर्थाने साऱ्या ब्रिटनमध्ये चालतो.

पूर्व लंडन आणि यमकबोली हे समीकरण पुढे घट्ट झाले. गोदीतील हमाल, बाजारातील विक्रेते आणि संगीत-नाट्यगृहांतील विनोदी गायक यांनी ही बोली आपलीशी केली. या नाट्यगृहांतील कलावंतांची नावेही तिच्यात शिरली. ‘आर्मी’ला ‘केट कार्नी’ हे लंडनच्या एका लोकप्रिय गायिकेचे नाव मिळाले.

गुप्तभाषा की शब्दखेळ

लंडनमध्ये नियमित पोलीस दल १८२९ साली स्थापन झाले आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच यमकबोली दिसू लागते. या जवळिकीवरून ती पोलिसांना चकवण्यासाठी निर्माण झाली असा तर्क केला जातो. इतर तर्कांनुसार ती बाजारातील विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांसमोर आपसांत भाव ठरवण्यासाठी, किंवा रेल्वे आणि गोदीच्या बांधकामावरील मजुरांनी परक्यांना दूर ठेवण्यासाठी वापरली. यांपैकी कोणत्याही एका तर्काला निर्णायक पुरावा नाही.

गुप्ततेच्या बाजूने एकच भक्कम मुद्दा मांडता येतो, तो म्हणजे यमकाचा शब्द गाळण्याची सवय. केवळ मौज हवी असती तर यमक ऐकू येऊ देण्यातच ती अधिक होती. विरुद्ध बाजूचे मुद्दे अधिक आहेत. पूर्ण समूह उच्चारला तर यमकच अर्थाचा माग दाखवते. संदर्भानेही अर्थ सहज उघड होतो. पोलीस शिपाई बहुधा कष्टकरी थरातूनच आलेले असत. बोली सुरू झाल्यावर पंधरा वर्षांत तिचे कोश दुकानांत विकत मिळू लागले, ही बाबही गुप्तभाषेला साजेशी नाही. शिवाय शब्दसूची पाहिली तर चोरीच्या व्यवहारापेक्षा जिना, चहा, टोपी, केस, बायको, नाक, दात अशा घरगुती गोष्टींचीच तीत रेलचेल आहे. या गोष्टी पोलिसांपासून लपवण्याचे कारण संभवत नाही. आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग झाला, हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

तरीही चोरबोली हा शिक्का कायम राहिला आणि त्याची झळ बोलणाऱ्यांना बसली. शाळेत कॉकनी उच्चार सुधारण्याचा विषय मानला जाई आणि नोकरीच्या मुलाखतीत तो उणेपणाचे लक्षण ठरे. याच काळात लंडन पोलिसांच्या ‘फ्लाइंग स्क्वॉड’ या १९१९ साली स्थापन झालेल्या विशेष पथकाला गुन्हेगारी वर्तुळात ‘स्वीनी टॉड’ या कथेतील खुनी न्हाव्याचे नाव मिळाले. ते कापून झालेले ‘द स्वीनी’ हे नाव १९७५ ते १९७८ या काळात गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षक बनले. पोलिसांपासून लपवण्यासाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बोलीने खुद्द पोलीस पथकालाच सर्वात प्रसिद्ध नाव दिले.

याच प्रदेशातील ‘पोलारी’ ही बोली तुलनेने खऱ्या अर्थाने संरक्षक होती. इटालियन, भटक्यांची भाषा, उलटे शब्द आणि यमकबोली यांच्या मिश्रणातून बनलेली ही बोली नाटक-सर्कशीतील लोक आणि विसाव्या शतकात समलिंगी पुरुष वापरीत. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. समोरचा माणूस ओळखीचा शब्द समजतो की नाही, यावर तुरुंगवास टळणे अवलंबून असू शकत होते.

उच्चारावरील अवलंबित्व

यमक हे लेखनावर नसून उच्चारावर असते. त्यामुळे या बोलीतील समूह ज्या प्रदेशात घडले तेथील उच्चार त्यांत गोठून राहिले आहेत. ‘रॅबिट अँड पोर्क’ (ससा आणि डुकराचे मांस) म्हणजे ‘टॉक’, बोलणे. लंडनच्या उच्चारात ‘पोर्क’मधील ‘र’ ऐकू येत नाही, म्हणून ते ‘टॉक’शी जुळते, ‘र’ स्पष्ट म्हणणाऱ्या स्कॉटिश किंवा अमेरिकी माणसाला त्यात यमक दिसणार नाही. ‘खायबर पास’ हा समूह ‘आर्स’साठी आहे. तो दक्षिण इंग्लंडमध्ये, जेथे ‘पास’मधला ‘आ’ दीर्घ आहे, तेथेच चालतो. उत्तर इंग्लंडमध्ये तो स्वर ऱ्हस्व असल्याने यमक मोडते. हॉटनच्या सूचीत घोड्याला, म्हणजे ‘हॉर्स’ला, ‘चेअरिंग क्रॉस’ असे दिले आहे. आजच्या लंडनकराला ते खटकते. त्या काळी ‘क्रॉस’मधला स्वर दीर्घ असल्याचा हा पुरावाच आहे. बोलींच्या अभ्यासकांना यमकबोलीचे महत्त्व वाटते ते अशा नोंदींमुळे.

ग्लासगो शहराने स्वतःच्या उच्चारावर स्वतःची यमके रचली. तेथील बोलीत ‘डेफ’ (बहिरा) या शब्दाचा उच्चार ‘डीफ’ असा होतो, म्हणून बहिऱ्याला ‘कॉर्न्ड बीफ’. ‘ट्राउझर्स’चा उच्चार ‘ट्रूझर्स’ होतो, म्हणून पँटला ‘विनर्स अँड लूझर्स’. ‘स्कोअर’साठी शहरातील हॅम्पडेन फुटबॉल मैदानावरची गर्जना, ‘हॅम्पडेन रोर’. त्यावरून ‘काय चालले आहे’ या अर्थी ‘व्हॉट्स द हॅम्पडेन’ असे विचारले जाते.

प्रदेशानुसार बदलणारे अर्थ

एकोणिसाव्या शतकात मजूर, खलाशी, सैनिक आणि शिक्षा झालेले कैदी यांच्याबरोबर ही पद्धत समुद्रापार गेली. ऑस्ट्रेलियात तिने सर्वाधिक मूळ धरले. तेथे शार्क माशाला ‘नोआज आर्क’, सापाला (स्नेक) ‘जो ब्लेक’, टोमॅटो सॉसला ‘डेड हॉर्स’ आणि मांस भरलेल्या ‘पाय’ या खाद्यपदार्थाला ‘डॉग्ज आय’ म्हणतात. अमेरिकी माणसासाठीच्या ‘यँक’ या शब्दाला ‘सेप्टिक टँक’ जोडले गेले आणि त्यापासून ‘सेप्पो’ हे रूप झाले. अमेरिकी पाहुण्याला त्याचा उलगडा झाल्यास ते त्याला आवडण्याचा संभव कमी.

एकच समूह दोन देशांत दोन अर्थांनी वापरला जाणे हा या बोलीतील खरा सापळा आहे. ‘बुचर्स हुक’ लंडनमध्ये ‘लुक’ आहे, तर ऑस्ट्रेलियात ‘क्रूक’, म्हणजे आजारी किंवा चिडलेला. लंडनकर ‘बुचर्स’ घेतो तेव्हा तो पाहतो. ऑस्ट्रेलियन माणूस कोणावर ‘बुचर्स’ जातो तेव्हा तो संतापतो. पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात ‘कॅप्टन कुक’ आहे आणि त्या खंडाच्या इतिहासात कुकचे स्थान लक्षात घेता ती निवड साहजिक म्हणावी लागेल. ‘नोआज आर्क’ हा समूह ब्रिटनमध्ये शार्कसाठी नसून उद्यान (पार्क) किंवा पोलिसांचा खबऱ्या (नार्क) यांसाठी सापडतो. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्लिशमध्ये मित्राला ‘चायना’ म्हणतात, पण त्यामागची बशी तेथे बहुतेकांना ठाऊक नसते.

अमेरिकेत ही बोली सामान्य लोकांत रुजली नाही; पश्चिम किनाऱ्यावरील तुरुंगांत आणि गुन्हेगारी वर्तुळात मात्र ती ‘ऑस्ट्रेलियन’ या नावाने ओळखली जात असे. १९४४ साली डेव्हिड मॉरर आणि सिडनी बेकर यांनी या शब्दांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील अगदी थोडे शब्द खरोखर ऑस्ट्रेलियन असून बरेचसे लंडनचे असल्याचे आढळले.

प्रमाण इंग्लिशमधील शब्द

इंग्लिश शिकणाऱ्याला या बोलीशी गाठ पडते ती बहुधा नकळत. ‘यूज युअर लोफ’ (डोके चालव) यातील लोफ म्हणजे ‘लोफ ऑफ ब्रेड’, अर्थात ‘हेड’. ‘टेलिंग पोर्कीज’ (थापा मारणे) हे ‘पोर्क पाइज’ आणि ‘लाइज’ यांच्या जोडीतून आले. ‘नॉट अ डिकी बर्ड’ म्हणजे एकही शब्द, ‘वर्ड’, नाही. ‘हाफ-इंच’ करणे म्हणजे ‘पिंच’ करणे, चोरणे. ‘रॅबिटिंग ऑन’ म्हणजे सतत बडबडणे. ‘ऑन युअर टॉड’ म्हणजे एकट्याने; यातील टॉड स्लोन हा १८९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गाजलेला अमेरिकी जॉकी, आणि त्याचे आडनाव ‘ओन’शी जुळते.

ओठांतून फुर्र आवाज काढून टवाळी करण्याला ‘ब्लोइंग अ रास्पबेरी’ म्हणतात. हा प्रयोग मुलांच्या पुस्तकांतही येतो. त्यामागे ‘रास्पबेरी टार्ट’ आणि पादण्यासाठीचा ‘फार्ट’ हा शब्द आहे. मूर्ख माणसासाठीचा ‘बर्क’ हा सौम्य समजला जाणारा शब्द याहून पुढचा आहे. तो ‘बार्कली हंट’ किंवा ‘बार्कशर हंट’ या शिकारी मंडळांच्या नावांतून आला असून त्याचे यमक स्त्रीच्या जननेंद्रियासाठी असलेल्या, इंग्लिशमधील सर्वात निषिद्ध मानल्या जाणाऱ्या शब्दाशी आहे. नावाचा उच्चार ‘बार्क’ असताना कापलेल्या रूपाचा उच्चार मात्र लेखनानुसार ‘बर्क’ झाला. त्यामुळे उरलासुरला धागाही तुटला. मूळ शब्द उच्चारण्याची कल्पनाही न करणारी सभ्य माणसे हा शब्द चारचौघांत सहज वापरतात. परकीय भाषकांनी याची जाण ठेवलेली बरी.

यमकबोलीच्या नावावर नसलेली अपत्येही खपवली जातात. ‘ब्रास टॅक्स’ (मुद्द्याची गोष्ट) हे ‘फॅक्ट्स’शी यमक जुळवून झाले असे सांगतात, पण त्याच्या जुन्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतील आहेत. पळ काढणे या अर्थाचा ‘स्कार्पर’ हा शब्द ‘स्कापा फ्लो’ या नौदल तळाच्या नावाशी जोडला जातो. १९१९ साली तेथे जर्मन आरमार बुडवले गेल्याने ते नाव घरोघरी पोहोचले हे खरे. शब्द मात्र त्याआधीच्या शतकातला असून त्याचे मूळ इटालियन असल्याचे मानतात. पाचशे पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. भारतातील पाचशे रुपयांच्या नोटेवर माकडाचे चित्र होते, त्यावरून हे नाव पडले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही.

भारताशी संबंध

ब्रिटिश सैन्यात लंडनच्या गरीब वस्त्यांतील तरुणांचा भरणा मोठा होता. भारतात काही वर्षे काढून परतणाऱ्या या सैनिकांनी हिंदुस्थानी शब्द आपल्या बोलीत आणले. हे शब्द यमकबोलीचे नव्हेत, पण तिच्या शेजारी, त्याच तोंडांतून वापरले जात. पाहण्यासाठी ‘बुचर्स’बरोबर ‘डेको’ (देखो) आला. चहासाठी ‘रोझी ली’बरोबर ‘चार’ आला. अस्सल या अर्थी ‘पक्का’ आणि मायदेशासाठी विलायतीवरून ‘ब्लायटी’ हेही आले.

महाराष्ट्राशी थेट जोडलेला शब्द म्हणजे ‘डूलॅली’. नाशिकजवळील देवळाली येथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच निघत, त्यामुळे चुकीच्या वेळी पोहोचलेल्यांना कित्येक महिने रिकामपणी, उन्हात काढावे लागत. त्यांच्यात येणाऱ्या भ्रमिष्टपणाला ‘डूलॅली टॅप’ हे नाव पडले. त्यातील दुसरा शब्द म्हणजे ‘ताप’. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६ सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या छावणीचे वर्णन केले आहे. आज ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणणाऱ्या ब्रिटिश माणसाला हे एका गावाचे नाव आहे याची कल्पना क्वचितच असते.

यमकबोलीतही भारतीय उपखंडातील नावे आहेत. हनुवटीला, म्हणजे ‘चिन’ला, मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या कवितेतील भिश्ती ‘गंगा दीन’ याचे नाव मिळाले. ‘कॅरी ऑन अप द खायबर’ या १९६८ च्या विनोदी चित्रपटाचे शीर्षक खिंडीचे नाव म्हणून निर्दोष आहे. प्रेक्षक त्यातला दुसरा अर्थ ऐकून हसत. ‘करी’ला ‘रुबी मरी’ हे १९५० च्या दशकात गाजलेल्या बेलफास्टच्या गायिकेचे नाव मिळाले आणि ‘आज रुबी खायला जाऊ’ हा प्रयोग आजही ऐकू येतो. ब्रँडीला ‘महात्मा गांधी’ म्हटल्याची नोंद आहे. दारूबंदीचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या व्यक्तीचे नाव दारूला मिळावे, हे यमकाच्या आंधळेपणाचे उदाहरण होय. स्वतः गांधीजी १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या काळात पूर्व लंडनमधील बो या भागातील किंग्सली हॉलमध्ये, कॉकनी कामगारांच्या वस्तीत राहिले होते.

नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या नाटकाची नायिका, फुले विकणारी एलायझा डूलिटल, ही जागतिक साहित्यातील सर्वात प्रसिद्ध कॉकनी व्यक्तिरेखा मानली जाते. नाटकाचा विषय तिचे उच्चार हा आहे, यमकबोली नव्हे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले. त्यात एलायझाची मंजुळा झाली. ही भूमिका भक्ती बर्वे यांनी अजरामर केली. उच्चारांतील वर्गभेद मराठीत आणता आला, कारण तो मराठीतही आहे. यमकबोलीचे तसे रूपांतर बहुधा शक्य झाले नसते.

‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ आणि १९८५ साली सुरू झालेली ‘ईस्टएंडर्स’ या मालिकांनी ही बोली ब्रिटनभर पोहोचवली. ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ (१९९८) या चित्रपटातील एका प्रसंगात पात्राचे कॉकनी बोलणे पडद्यावर इंग्लिश उपशीर्षके देऊन समजावले आहे.

सद्यःस्थिती

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षाव, त्यानंतर पाडल्या गेलेल्या जुन्या चाळवजा वस्त्या आणि बंद पडलेल्या गोद्या यांमुळे कॉकनी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर एसेक्स परगण्यात आणि नव्याने वसवलेल्या गावांत गेली. पूर्व लंडनच्या तरुणांत आता कॅरिबियन, आफ्रिकी आणि दक्षिण आशियाई प्रभावांतून घडलेली बोली ऐकू येते. पॉल केर्सविल यांच्यासह काही भाषाशास्त्रज्ञांनी तिला ‘बहुसांस्कृतिक लंडन इंग्लिश’ असे नाव दिले आहे. तिच्यात यमकाच्या पद्धतीला विशेष स्थान नाही.

नवे समूह अजूनही बनतात, पण ते बहुधा प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांवर आधारलेले असतात: बिअरला ‘ब्रिटनी स्पिअर्स’, दहा पौंडांच्या नोटेला, म्हणजे ‘टेनर’ला, ‘आयर्टन सेना’, आणि काही चुकले तर, ‘राँग’ झाले तर, ‘पीट टाँग’. व्यक्ती विस्मरणात गेली की असे शब्दही जातात. रुबी मरीचे नाव टिकले, कारण करी टिकली.

२००९ साली पूर्व लंडनमधील काही एटीएम यंत्रांवर भाषेच्या पर्यायांत कॉकनीची भर घालण्यात आली. तो पर्याय निवडल्यास यंत्र ग्राहकाला रोकड, म्हणजे ‘कॅश’, यासाठी ‘सॉसेज अँड मॅश’ हवे का असे विचारी, आणि गुप्त पिन टाकण्यासाठी ‘हकलबेरी फिन’ मागे.